डोळे सापडत नाहीत

सरांच्या घरात नवं मशीन आलं की ते आधी त्याला आंघोळ घालायचे. हा शब्द त्यांच्या विद्यार्थ्यांचा. लॅपटॉप दुकानातून आणलेला असो, कॉलेजनं दिलेला असो नाहीतर कुणी भेट दिलेला असो, त्यात आधीपासून जे काही असेल ते सगळं पुसून टाकायचं, स्वतःच्या हातानं लिनक्स, म्हणजे कुणाही कंपनीच्या मालकीची नसलेली फुकट प्रणाली, घालायची आणि मगच त्यावर काम सुरू करायचं. बाहेरून आलेला माणूस पाय धुऊन घरात येतो, तेवढ्या सहज ते हे करत. चहा उकळेपर्यंत उरकून टाकत. पुसायच्या आधी आत काय आहे हे बघायची पद्धत नव्हती. आत असेल ते कंपनीचं, आणि कंपनीचं ते परकं, हे ठरलेलंच होतं.

मी त्यांच्याबरोबर एकाच विभागात बरीच वर्षं शिकवलं. मंचरच्या आसपास इंजिनिअरिंगची जी कॉलेजं आहेत त्यांतलंच एक आमचं. राहायला दोघंही नारायणगावात, एकाच सोसायटीत. ते तळमजल्यावर, मी वर. त्यामुळे त्यांचा छळ मला कॉलेजात आणि घरी असा दोन्हीकडे होता. छळ हा शब्द मी विचार करूनच वापरते आहे. माणूस गेलेला असता तर जरा हात आखडता घेतला असता. पण सर आहेत, ठणठणीत आहेत, निवृत्त होऊन बेल्ह्याजवळच्या आपल्या गावी राहतात, आणि मला त्यांचा राग येतो. तो अजून गेलेला नाही.

आमच्या विभागात एक प्रिंटर होता. विंडोजवर तो निमूटपणे छापायचा. सरांच्या लॅबमध्ये मात्र कागद ओढायचा, अर्धी ओळ छापायचा आणि लाल दिवा लावून बसायचा. परीक्षा तोंडावर आलेली, प्रश्नपत्रिका छापायची राहिलेली, आणि हे गृहस्थ त्या प्रिंटरसमोर खुर्ची टाकून बसलेले. मी म्हटलं, "सर, पेन ड्राइव्ह द्या इकडे. ऑफिसातून मिनिटात काढून आणते."

"तुम्ही आणाल हो मॅडम. पण मग हा कधी शिकायचा?"

हा म्हणजे प्रिंटर. शेवटी त्या वर्षी पोरांना प्रश्न फळ्यावर लिहून घालावे लागले. पुढच्या वर्षी कधीतरी प्रिंटर पूर्ण पान छापायला लागला, तेव्हा सरांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. मी पेढा घेतला नाही.

ज्यांचा ह्या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रिंटर, कॅमेरा, स्कॅनर असली उपकरणं कॉम्प्युटरशी परस्पर बोलू शकत नाहीत. मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपन्या तो दुभाष्या बहुतेक वेळा विंडोजसाठी बनवून देतात. लिनक्ससाठी कुणीतरी हौशी माणसानं तो फुकट लिहून ठेवला असेल तर ठीक, नसेल तर उपकरण तुमच्यासमोर मुकं पडून राहतं. शहाणी माणसं अशा वेळी विंडोज वापरतात. सर दुभाष्या लिहायला बसत. "सपोर्ट नाही असं कंपनी म्हणते. मशीन कुठं म्हणतंय?" हे त्यांचं वाक्य पोरं त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची, मान डावीकडे कलती करून. कुणी म्हणालं की सर, माझा कॅमेरा चालला, तर पाठ थोपटणं दूरच, उलट विचारायचे, "चालला, की तू चालवलास?" पोरं हसायची, पण त्यांच्या तासाला दांडी मारायची नाहीत. पुण्यात नोकरीला लागलेली कितीतरी मुलं अजून त्यांना फोन करतात. माझ्या तासाला मात्र मागची दोन बाकं कायम रिकामी असायची. तेव्हा मला हेवाही वाटत होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायचे. पहिलीचा वर्ग त्यांनी इतकी वर्षं सांभाळला की आवाजाला कायमची धार आली होती. पोरांची सहल लेण्याद्रीला गेली की बाई वरून हाक मारायच्या आणि ती खाली, गाड्या लावतात तिथं ऐकू यायची. शाळेत प्रमाण भाषा, आणि घराचा उंबरा ओलांडला की माहेरची. सरांच्या तक्रारी घेऊन मी खाली गेले की त्या चहा टाकायच्या आणि माझ्यावर कडी करायच्या.

"तू प्रिंटरचं काय घेऊन बसलीस? लग्न झालं आन् माझा बा ह्यांना बेल्ह्याच्या बाजारला घेऊन गेला, बैल बघायला. आता तिथं व्यापारी रुमालाखाली हातात हात घालत्यात आन् बोटं दाबून भाव करत्यात. बाकीच्यांनी नुसतं तोंडाकडं बघायचं. ही रीतच हाय. ह्यांनी काय करावं? मधी घुसून रुमालच उचलला. म्हने, खाली काय चाललंय ते आमाला बी बघू द्या. लई बोंब झाली. व्यापारी बैल घेऊन निघून गेला. बा पुन्हा ह्यांना घेऊन बाजारात गेला न्हाई."

सर तिथंच बसून मिक्सरचा तळ उघडत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "मग बरोबरच होतं माझं. झाकून कशाला करायचं?"

"माझं डोकं बी उघडून बघितलं असतं ह्यांनी," बाई म्हणायच्या. "बरं, त्याला स्क्रू न्हाईत."

मग बाईंची जीभ जड झाली. आधी वाटलं, दाढेचं काही असेल. वर्गात कविता म्हणताना शब्द लडबडायला लागले, पोरं फिदीफिदी हसायला लागली, तेव्हा त्या पुण्याला मुलीकडे तपासण्यांसाठी गेल्या. नसांचा आजार निघाला. औषध नाही. आधी वाचा जाणार, मग हात, मग पाय, मग श्वास. डोळे मात्र शेवटपर्यंत हलत राहतील आणि डोकं पूर्ण शाबूत राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं असावं. मला तो दिलासा वाटला नाही.

मुलगी पिंपरीला नोकरी करते. बापासारखीच हुशार, आणि बापासारखी नाही. तिनं शोधून एक उपकरण मागवलं. पट्टीएवढं, काळं, स्क्रीनच्या खाली चिकटवायचं. ते डोळ्यांवर न दिसणारा उजेड टाकतं आणि तुम्ही स्क्रीनवर कुठं बघताय ते ओळखतं. एखाद्या अक्षराकडे बघत राहिलं की ते अक्षर उमटतं. अक्षरांचे शब्द होतात, शब्द मशीन बोलून दाखवतं. हात गेलेला, जीभ गेलेला माणूस डोळ्यांनी बोलू शकतो. त्यासाठी तिनं नवा लॅपटॉप घेतला, त्यात सगळं बसवलं, चालवून बघितलं. बाई नारायणगावला परत आल्या तेव्हा तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता आणि उजवा हात मांडीवर पडून होता. मुलीनं त्यांना सोडलं, लॅपटॉप टेबलावर ठेवला, "पप्पा, उद्या फोन करते, मग आईला दाखवू," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असल्यामुळे लगेच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंसाठी पेज घेऊन खाली गेले होते. मुलीचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला.

"पप्पा, आईला ऐकवलं का?"

"काय?"

"अहो, आवाज. तिचा आवाज. पहिल्या पानावर बटणं आहेत बघा. एकेक दाबलं की आई बोलते. बोलता येत होतं तोवर आम्ही इथं रोज बसून भरलाय. पाणी द्या, कूस बदला, चष्मा डोक्यावर आहे तुमच्या, असं सगळं. हसणं पण आहे. थोडं जड येतंय, पण तिचंच वाटतं."

टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर लिनक्स चालू होतं. काल संध्याकाळीच आंघोळ झाली होती.

"पप्पा?"

त्यांनी फोन बंद केला नाही, नुसता टेबलावर उपडा ठेवला आणि गॅलरीत गेले. मुलीला काय झालं ते मला सांगावं लागलं. तिनं सगळं थेट त्याच लॅपटॉपवर भरलं होतं, दुसरी प्रत ठेवली नव्हती. बापाच्या घरी चाललेलं मशीन, तिथं ते जपलं जाणार नाही असं तिच्या मनात आलंच नाही. बाई पलंगावर होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

सरांनी ते परत मिळवायचा प्रयत्न केला. कॉलेजला गेले नाहीत, जेवले नाहीत. पण असल्या नव्या डिस्कवरचं पुसलेलं परत येत नाही हे त्यांनीच वर्षानुवर्षं पोरांना शिकवलेलं. शनिवारी मुलगी दुसरा, विंडोजचा लॅपटॉप घेऊन आली. बापाशी बोलणार नाही असं ठरवून आली होती, पण दारातच म्हणाली, "सगळ्या जगाची झाकणं उघडून बघता तुम्ही. हे एक बघितलं नाहीत." मग तिनं नवा लॅपटॉप पिशवीतून काढला. सर म्हणाले, "तो राहू दे. पट्टी माझ्या मशीनवर चालेल. मी करतो."

तेव्हा मात्र मी मध्ये पडले. मी त्यांना म्हटलं की हट्टालाही काही वेळकाळ असतो, घरात आजारी माणूस आहे, ही तुमची लॅब नाही. मुलगी रडत होती. सर दोन्ही हात टेबलावर ठेवून उभे होते आणि "मी करतो" एवढंच म्हणत होते. माझ्या तेव्हाच लक्षात आलं की हा नेहमीचा हट्ट नाही. विंडोज घरात आलं आणि पाच मिनिटांत पट्टी चालली, तर बायकोचा आवाज त्यांनी कशासाठी पुसला, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे उरणार नव्हतं.

बाईंच्या घशातून आवाज आला. बाईंच्या शाळेतला मुळाक्षरांचा जुना तक्ता मुलीनं कपाटातून काढला होता. त्यावरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की बाई पापणी मिटणार, असं ठरलेलं. एक वाक्य व्हायला फार वेळ लागायचा आणि बाई दमून जायच्या, पण तेवढाच एक मार्ग होता. मुलगी पलंगावर बसली, बोट फिरवू लागली. बाईंनी सांगितलं, नको. मग थांबून पुढचं सांगितलं. त्यांना करू दे.

मुलगी नवा लॅपटॉप घेऊन परत गेली. बाईंनी नवऱ्याला आपल्या शिल्लक दिवसांतले दिवस काढून दिले, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तेवढी सरांची लायकी होती का, हे मी ठरवणार नाही. माझ्यापुरतं मी ठरवलेलं आहे.

सर आळशी होते किंवा बेफिकीर होते असं कुणाला वाटेल, म्हणून सांगते. इतकी मेहनत करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. उरलेली सगळी रजा त्यांनी काढली. कॉलेजात यायचे ते एकाच कामासाठी. ऑफिसातल्या विंडोजच्या कॉम्प्युटरला ती पट्टी लावायचे आणि मध्ये कसलंसं यंत्र जोडून आकडे उतरवत बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "ही दोघं एकमेकांशी काय बोलतात ते ऐकतोय. एकदा ह्यांची बोली कळली की झालं."

समोर स्क्रीनवर बाण त्यांच्या डोळ्यांबरोबर पळत होता. अगदी सफाईनं.

"सर, हे चालतंय की इथं. हेच उचलून घरी न्या."

"चालतंय, पण कसं चालतंय ते कुठं कळतंय?"

त्यांचे डोळे लाल झाले होते. बाईंना त्रास नको म्हणून सगळी चाचणी ते स्वतःच्या डोळ्यांवर करायचे. दाढी वाढली होती, पँट कमरेत ढिली झाली होती. कधीही विचारलं तर एकच उत्तर मिळायचं, "होतच आलंय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाईंची मान अजून सावरत होती. नंतर मानेला उशी लागायला लागली. मग जेवण नळीनं सुरू झालं. सरांचं होतच आलेलं होतं.

तक्ता मात्र त्यांनी कधी हातात धरला नाही. मी घेऊन बसले की ते खोलीतून बाहेर जायचे. दिवसभर बाईंचं करायला एक मावशी येत, त्या धरायच्या. मी कॉलेजातून आले की मी धरायचे, मुलगी शनिवार-रविवारी धरायची. एकदा मी बाईंना म्हटलं, "सरांना काही सांगायचंय का? मला सांगा, मी निरोप देते." बाईंनी खूप वेळ माझ्याकडे बघितलं. मग अक्षरं आली. सांगायचंय. मी बोट परत पहिल्या ओळीवर नेलं. तू नको. मीच. आणि डोळे वळवून त्यांनी टेबलाकडे, त्या काळ्या पट्टीकडे बघितलं.

मी बाहेर जाऊन सरांना सांगितलं. "बाईंना तुमच्याशी बोलायचंय. काय ते मला सांगत नाहीत. तुमच्या मशीनवरूनच सांगणार आहेत, त्यासाठी थांबल्यात. तेवढं ध्यानात ठेवा, नाहीतर सरळ तक्ता घेऊन बसा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "होतच आलंय, मॅडम," म्हणाले.

ड्रायव्हर शेवटी चालला. सरांनी तो जगासाठी खुला केला, त्यांच्या रीतीप्रमाणे, फुकट. बाई गेल्यावर काही महिन्यांनी कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी मला मोबाइलवर एक मेल दाखवली. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या एका बाईची. तिचा भाऊ असाच आजारी, विंडोजच्या मशीनला पैसे नव्हते, सरांच्या ड्रायव्हरवर तो बोलू लागला. सगळ्यात आधी त्यानं कॉफीत साखर जास्त टाका म्हणून सांगितलं, असं तिनं लिहिलं होतं. सर ती ओळ बोटानं पुन्हा पुन्हा वर आणत होते. "साखर मागितली, मॅडम, त्यानं," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, खरा आनंद. मी चहा तसाच ठेवून निघून आले. त्या भावाचं भलं होवो. पण मला तो आनंद बघवेना.

कारण ड्रायव्हर चालला त्या दिवशी काय झालं ते मला माहीत होतं. मी कॉलेजात होते, दुपारचा तास संपवून बाहेर पडत होते. फोन आला. सरांचा होता.

"चाललं, मॅडम. तिच्या डोळ्यांवर चाललं. अक्षरं पडली. ओळभर पडली."

मी व्हरांड्यातच भिंतीला टेकले. डोळ्यांत पाणी आलं. "सर, काय म्हणाल्या बाई?"

"ते नाही बघितलं."

"म्हणजे?"

"मी ह्या टेबलावर होतो. माझ्या स्क्रीनवर आकडे बघत होतो. डावा डोळा, उजवा डोळा, दोन्हीचे बरोबर येतायत का ते. आवाज अजून जोडलेला नाही."

"मग आता वळून बघा. त्यांच्या स्क्रीनवर असेल."

"ते गेलं. प्रोग्राम बंद करून परत चालू केला ना मी. पुन्हा चालतो का ते बघायला पाहिजे होतं. एकदा चाललं म्हणजे चाललं असं नसतं." मग म्हणाले, "टेस्टच होती ती."

मी तशीच गाडी काढून नारायणगावला आले. सर टेबलाशी होते. मी त्यांच्याशी बोलले नाही. तक्ता घेतला, पलंगावर बसले, बाईंना विचारलं, "काय लिहिलं होतंत?" माझ्या बोटाखालून बाराखडी दोनदा सरकून गेली तरी पापणी मिटली नाही. तिसऱ्यांदा मिटली. त्यांना विचार. एवढंच.

त्यानंतर ते मशीन बाईंनी वापरलं नाही. सरांनी ते सगळं बाईंसाठी मराठीत केलं होतं, प्रत्येक बटण, प्रत्येक सूचना. पट्टीला माणूस दिसेनासा झाला की पडद्यावर यायचं, डोळे सापडत नाहीत, कृपया समोर बघा. आता ते सारखं यायला लागलं. सरांना वाटलं, खिडकीतलं ऊन पट्टीला आंधळं करतंय. त्यांनी खिडकीवर चादर ठोकली. मग ट्यूबलाइट काढली. मग पलंग भिंतीपासून ओढला. भर दुपारी त्या खोलीत दिवेलागणीसारखा अंधार असायचा आणि त्यात बाई पडून असायच्या. मावशींनी मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, मशीनला काय झाल्यालं न्हाई. सर त्याच्याम्होरं बसलं का बाई डोळं मिटून घेत्यात. सर उठून गेलं का उघडत्यात. मी रोज बघती. मी त्यान्ला कसं सांगू?"

मी सांगायला गेले. रविवार होता, मुलगी औषधं आणायला बाहेर पडली होती. चादरीच्या कडेनं थोडा उजेड येत होता. बाईंचा श्वास आता ऐकू येण्याइतका जड झाला होता. दिवस फार उरले नाहीत हे आम्हाला सांगून झालं होतं. सर टेबलाशी, बाईंकडे पाठ करून. त्यांच्या स्क्रीनवर तीच ओळ होती, डोळे सापडत नाहीत.

"सर, मशीन चांगलं आहे," मी म्हटलं. "त्या डोळे मिटून घेतात. तुम्ही बसलात की मिटतात."

ते टाइप करत राहिले. "माहितीये मला."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासनं."

हातातला तक्ता त्यांच्या टाळक्यात घालावा असं वाटलं. "मग हे काय चाललंय? ही चादर, हा अंधार?"

"मशीनचं काहीतरी करता येतं," ते म्हणाले.

"खुर्ची फिरवा, सर. दुसरं काही करू नका. नुसती खुर्ची फिरवा आणि त्यांच्याकडे तोंड करून बसा."

त्यांचे हात थांबले. कॉलेजात इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडून गावाकडची भाषा ऐकली नव्हती. ती तेव्हा ऐकली. "आन् मी वळलो, आन् तिनं डोळं उघडलंच न्हाई, तर?"

मी बाईंकडे बघितलं. डोळे उघडे होते. त्या सरांच्या पाठीकडे बघत होत्या.

"उघडे आहेत," मी म्हटलं. "सर, आत्ता उघडे आहेत. तुमच्याकडेच बघतायत."

सरांच्या स्क्रीनवरची ओळ गेली आणि आकडे सुरू झाले. डावा डोळा, उजवा डोळा. सर पुढे झुकले. त्यांनी बोट उचलून स्क्रीनवर, त्या पळणाऱ्या आकड्यांवर ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी पुन्हा म्हटलं, वळा. ते वळले नाहीत. आकडे धावत होते तोवर ते आकड्यांकडेच बघत राहिले.

मग आकडे थांबले. श्वास ऐकू येत होता, पण बाईंनी डोळे मिटून घेतले होते. सर अजून स्क्रीनकडेच बघत होते.